आपण म्हणजे कोण कोण

काका,

आज सकाळी माझा चष्मा बसऱ्याला गेला. अर्धं घर पालथं घातलं आणि शेवटी स्वयंपाकघरातूनच शिरीषला ओरडून म्हटलं, "अरे, माझा चष्मा बसऱ्याला गेलाय, हॉलमध्ये बघ जरा." चष्मा डोक्यावरच होता. तो हाताला लागला तशी मी एकटीच हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की हा शब्द तुमच्याकडून घेतला आणि तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. मग जे रडू आलं ते चहा उतू गेला तरी थांबेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रड, पण गॅस बारीक करून रड."

'बसऱ्याला जाणं' हे माझ्या पुण्याच्या माहेरचं नाही आणि शिरीषच्या नागपूरचंही नाही. ते कोरेगाव तालुक्यातल्या मान्यांच्या घरातलं. तुमच्याकडे वस्तू हरवत नसे. सांडशी, दाभण, बैलाच्या गळ्यातला घुंगरू, जे परत मिळायची आशा नाही ते बसऱ्याला जायचं. आता इथे मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या घरातले निम्मे मोजे बसऱ्याला गेलेले आहेत. आमच्या रेवानं एकदा दातांचा रिटेनर हरवल्यावर डेंटिस्टच्या रिसेप्शनवर सांगितलं होतं, "माय रिटेनर वेंट टु बसरा." तेव्हा इराकच्या लढाईमुळे टीव्हीवर रोज तेच नाव होतं. त्या बिचाऱ्या बाईनं, घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारायला मला ऑफिसात फोन केला. मी फोनवर इतकी हसले की तिला ते मुळीच ठीक वाटलं नसणार.

कसे गेलात, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, ते तुमचा संजय आल्यागेल्याला सांगतोच आहे. ते मी इथे लिहीत नाही. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. एक वाक्य माझ्याकडून गेलं होतं, ते परत घ्यायचं राहिलंय.

आपली पहिली भेट आठवते? काकू गेल्यावर संजयनं तुम्हाला इकडे आणलं, आमच्यापासून तिसऱ्या घरात. तो दोन हजार दोनचा उन्हाळा. गणपतीत मंडळानं शाळेचं जिम भाड्यानं घेतलं होतं, बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर, आणि मी नऊवारी नेसून आजीची नथ घालून मिरवत होते. प्रसादाच्या रांगेत तुम्ही माझ्यामागे. डोक्यावर टोपी, अंगात संजयचा ढगळ कोट. नथीकडे बघून म्हणालात, "मोती कुठले गं?"

"बसऱ्याचे," मी जरा नाक वर करूनच म्हणाले. नथ असल्यावर ते तसंही वरच असतं.

"असं का. आमचा पण एक माणूस आहे तिथं."

"अय्या! कुठल्या कंपनीत?"

मला खरंच वाटलं की तुमचा कुणी पुतण्याबितण्या आखातात इंजिनिअर असेल. इथल्या आमच्या डोक्यात माणूस परदेशी गेला म्हणजे कुठल्या तरी कंपनीतच गेला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "इंग्रजांच्या पलटणीत. एकोणीसशे पंधरापासून." आणि द्रोणातली खिरापत तोंडात टाकून पुढे सरकलात. माझ्या हातातला द्रोण हातातच राहिला.

ते तुमचे थोरले चुलते, तात्या. तुम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं. एकोणीस वर्षांचा मुलगा पलटणीत गेला, बसऱ्याहून त्याचं कुणीतरी लिहून दिलेलं एक पत्र आलं, आणि मग काहीच आलं नाही. तुमची आजी पुढे कितीतरी वर्षं जगली, आणि जे जे तिच्या हातून निसटलं त्याला तिनं हेच नाव ठेवलं. घरातल्या पोरांना वाटायचं, बसरा म्हणजे हरवणं. तसं गाव नकाशात असतं हे तुम्हाला शाळेत गेल्यावर कळलं, आणि म्हणूनच आपण इतिहासाचे मास्तर झालो, असं तुम्ही सांगायचात. खरंखोटं तुम्हाला ठाऊक.

पुढच्या मार्चमध्ये इराकची लढाई सुरू झाली. तुम्ही आमच्या सोफ्यावर बसला होतात, कारण संजयच्या घरी टीव्हीवर कार्टूनची सत्ता होती. पडद्यावर ते गाव आलं. मी आवाज मोठा करायला रिमोट उचलला तर तुम्ही हातानंच नको म्हणालात आणि उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिलात. आम्हाला फक्त तुमची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळानं म्हणालात, "झाडं आहेत गं तिथं. खजुराची. आजीला वाटायचं नुसती वाळू आहे." तुम्ही परत येऊन बसलात आणि थंड झालेला चहा पिऊन टाकलात.

आता रेवाचं सांगते. ती इथे जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तुम्ही तिच्याशी इंग्रजी बोलायचं नाही असं ठरवलंत आणि तिनं मराठी बोलायचं नाही असं, आणि तरी तुमचं दोघांचं छान चालायचं. तिनं तोडकंमोडकं मराठी बोलायला सुरुवात केली ती तुमच्या त्या बॅगेमुळे. चौदा वर्षांची असताना एका संध्याकाळी ती तुम्हाला कधी नव्हे ते मराठीत, ऐटीत म्हणाली, "काका, उद्या आपण फ्लोरिडाला जातोय." सकाळी आम्ही एअरपोर्टला निघायला दार उघडतो तर तुम्ही पायरीवर उभे. कानटोपी, काठी, आणि हातात बॅग.

शिरीषचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्ही एकदम गंभीर. "रेवाबाईंनी बोलावलंय. 'आपण' जातोय म्हणाल्या."

"काका, नो, आय मेंट अस. ओन्ली अस."

"मग 'आम्ही' म्हणायचं, बाळ. 'आपण' म्हणजे समोरचा धरून. 'आम्ही' म्हणजे समोरचा सोडून. तू मला धरलंस, मी बॅग भरली." आणि बॅग उघडून दाखवलीत. आत आम्हाला प्रवासाला म्हणून चिवड्याचा डबा होता, दुसरं काही नाही. विमानात रेवा चिवडा खात पुटपुटत होती, "आपण, आम्ही, आपण, आम्ही. इंग्लिश हॅज जस्ट वी. हाऊ डू वी इव्हन नो?" तो प्रश्न तेव्हा आम्ही कुणी ऐकलाच नाही.

अकरावीत तिला युरोपचा इतिहास होता. पहिल्या महायुद्धाची कारणं पाठ करायला तिच्याकडे एक युक्ती होती, चार आद्याक्षरांची. मिलिटरिझम, अलायन्सेस, इम्पिरिअलिझम, नॅशनॅलिझम. मिळून 'मेन'. तिनं तुम्हाला ती म्हणून दाखवली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझा चुलता चार अक्षरात गेला होय? चल बाहेर."

तुमच्या कोटाच्या खिशात खडू असायचाच. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण खिसा निवृत्त झाला नव्हता. त्या शनिवारी तुम्ही आमच्या ड्राइव्हवेवर अख्खा युरोप काढलात. गॅरेजच्या दाराशी इंग्लंड, मधोमध जर्मनी आणि ऑस्ट्रिया, हिरवळीकडे रशिया, तुर्कांचं राज्य खाली फूटपाथपर्यंत, आणि लेटरबॉक्सच्या खांबाशी एक लहानसा ठिपका. त्यावर नाव लिहिलं नाहीत. रेवानंच लिहिलं.

मग तुम्ही दिवाळीतल्या किल्ल्यांची गोष्ट सांगितलीत. तुमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी, सगळी पोरं एकाच ओढ्यात पोहायची. "आपण वरच्या आळीचे आहोत हे आम्हाला कधी कळलं माहीत आहे? खालच्या आळीनं किल्ला बांधला त्या दिवशी." मग त्यांच्यापेक्षा उंच बुरूज हवा. मग दगड हवेत, ते दुसऱ्याच्या बांधावरून आणले, ज्यांचा बांध त्यांना कुणी विचारलं नाही. मग कुंभारआळीच्या पोरांशी करार, आम्हाला कुणी मारलं तर तुम्ही यायचं. त्यांनीही सुतारआळीशी तसाच केलेला. आणि मग एका सकाळी कुणाच्या तरी शेळीनं आमचा एक मातीचा मावळा मोडला. तुम्ही कानटोपी वर सरकवून भुवईवरची खूण दाखवलीत. "ही त्या महायुद्धातली."

रेवा ड्राइव्हवेवर मांडी घालून बसली होती, रशियावर. तिनं विचारलं, "बट काका, तात्या वॉज नॉट फ्रॉम एनी आळी. ते का गेले?"

तेव्हा तुम्ही ते सांगितलंत. गावच्या चावडीसमोर खुर्ची टाकलेली, खुर्चीत साहेब, बाजूला दुभाषा. साहेब काहीतरी बोलला आणि दुभाष्यानं मराठीत सांगितलं, "आपण जर्मनाशी लढतो आहोत." सगळा गाव माना डोलावतोय. मागं बायकांच्या घोळक्यातून तुमच्या आजीनं विचारलं, "आपुन म्हंजी कोन कोन?" पाटलानं तिला गप्प बसवलं. तात्यांनी आयुष्यात बूट घातला नव्हता, त्यांना बूट मिळणार होते, आणि त्यांना 'आपण' म्हणणारा साहेब पहिल्यांदाच भेटला होता. "तात्या मूर्ख नव्हते," तुम्ही रेवाला म्हणालात, "एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला त्याच्यात धरलं की कुणालाही बरं वाटतं."

पुढे चावडीच्या भिंतीत संगमरवराचा दगड बसला. या गावातून इतके गेले, इतके आले नाहीत. आकडा आहे, नावं नाहीत. मास्तर झाल्यापासून तुम्ही दर वर्षी शाळा उघडायच्या दिवशी त्या दगडाखाली खडूनं तात्यांचं नाव लिहायचात. पावसात धुऊन जायचं. पुढच्या वर्षी परत. ट्रॉयला आल्यापासून ते राहिलं होतं, आणि तुम्ही हे इतक्या सहज सांगितलंत की मला वाटलं तुम्हाला त्याचं काही नाही. माझी समज तेवढीच.

संध्याकाळी शिरीष बाहेरून परतला आणि त्याची गाडी जर्मनीवरून थेट इंग्लंडमध्ये घुसली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

त्या दिवशी मी तुमच्याशी वाद घातला होता, तो अजून अर्धाच आहे. मी म्हटलं, सगळा दोष राष्ट्रवादावर काय टाकता, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते त्याच्याच जोरावर ना? तुम्ही म्हणालात, "हो की. बेचाळीसच्या प्रभातफेरीत मीच झेंडा घेऊन पुढं होतो, दहा वर्षांचा. आयुष्यात तितका आनंद परत झाला नाही." मी म्हटलं, मग? ते 'आपण' तरी खरं होतं की नव्हतं? तुम्ही खडू खिशात टाकलात. "खरं होतं असं वाटतं. पण तेव्हा विचारायला आजी उरली नव्हती." मला हे उत्तर पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. मी चांगले चार मुद्दे काढून ठेवले होते तुमच्यासाठी. आता ते कुणाला सांगू?

आणि मग एप्रिलमध्ये तो फॉर्म आला.

शाळेच्या कॅफेटेरियात सैन्यभरतीवाल्यांचं टेबल लागायचं. रेवा सतरा वर्षांची, म्हणून आईवडिलांच्या सह्या लागणार होत्या. तिनं फॉर्म आणून फ्रिजवर मॅग्नेटनं लावला, जिथे पिझ्झाची कूपनं असतात तिथे. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "वी आर ॲट वॉर, आई. वी. अँड वी जस्ट गो टु द मॉल." शिरीष छपराची पन्हळ साफ करायला शिडी घेऊन बाहेर गेला, एप्रिलमध्ये, जेव्हा तिच्यात एक पानही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की मी सही करणार नाही. ती म्हणाली, फाईन, नोव्हेंबरात मी अठरा होतेय.

तिनं आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. मी तशीच चप्पल घालून तुमच्याकडे आले. तुम्ही खिडकीपाशी लसूण सोलत बसला होतात.

"काका, ती फक्त तुमचं ऐकते. तिला नाही म्हणून सांगा."

"मी नाही म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"हो पण म्हणणार नाही. मास्तरानं उत्तर दिलं की पोरगं मोकळं होतं. मी तिला एक प्रश्न देईन."

"प्रश्न? माझी पोरगी लढाईवर निघालीय आणि तुम्ही प्रश्न देणार? बूट, बसरा, तात्या, इतकं सगळं तुम्हीच सांगितलंत ना तिला? त्यानंच डोक्यात भरलं असेल तिच्या!" आणि मग ते वाक्य. मी ते शब्द न शब्द लिहिते, कारण बदलून लिहिलं तर ती पळवाट होईल. मी म्हणाले, "तुमच्या घरातला एक गेला, म्हणून आता आमच्या घरातली पाठवताय?"

तुम्ही लसणाची पाकळी खाली ठेवलीत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "मेधा," तुम्ही म्हणालात, "चार वर्षं 'आपली रेवा' होती. आज 'आमची' झाली बघ."

आणि मी तिथून निघून आले. दारसुद्धा नीट लावलं नाही.

पुढे किती दिवस मी तुमच्या घरावरून जाताना गाडीतला रेडिओ चाळत राहायची. तुम्ही अंगणात असायचात, हात वर करायचात, आणि मी स्टेशन शोधत असल्यासारखं करायची. ऑफिसात दिवसभर गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची माझी नोकरी, आणि माझी स्वतःची चूक ढळढळीत दिसत असून मी ती दुरुस्त करत नव्हते.

तिकडे रेवा तुमच्याकडे जातच होती. तुम्ही तिला प्रश्न दिलात तो आजीचाच. भरतीच्या टेबलावरच्या त्या सार्जंटला जाऊन विचार, तुमच्या 'वी'मध्ये कोण कोण येतं? आमच्या भाषेत दोन शब्द आहेत, तुमचा त्यातला कुठला? ही पोरगी खरंच गेली. लंच ब्रेकमध्ये, डब्यातली पोळीभाजी हातात घेऊन. त्या माणसाला तिनं ड्राइव्हवेवरची सगळी गोष्ट सांगितली, आपण आणि आम्ही समजावून सांगितलं, आणि विचारलं की तुमच्या 'वी'मध्ये मी आहे, माझे आईबाबा आहेत का? बसऱ्यात ज्यांच्या घरासमोर मी उभी राहणार ते आहेत का? त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं म्हणे. मग म्हणाला, "नोबडी एव्हर आस्क्ड मी दॅट. आय डोन्ट नो, मॅम." आणि फॉर्म घाईनं भरू नकोस, असंही सांगितलं त्यानं. हे तुम्हाला कळल्यावर तुम्ही म्हणालात, "भला माणूस आहे. आमच्या दुभाष्यानं आजीला एवढंही सांगितलं नव्हतं."

फॉर्म मात्र फ्रिजवरून हलला नाही. उन्हाळाभर तो तिथेच होता. मी दूध काढताना रोज तो बघायची. जी मुलं गेली त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोलू नको, असं तुम्ही एकदा मंडळाच्या पिकनिकला कुणाला तरी सांगत होतात, ते मी टेबलापलीकडून ऐकलं. ते तुम्ही मलाच सांगत होतात, हो ना?

नोव्हेंबरात तिचा अठरावा वाढदिवस आला. मी आदल्या दिवसापासून हातात घेतलेलं सगळं पाडत होते. सकाळी उठून ती आम्हाला भेटायच्या आधी कोट चढवून तुमच्याकडे गेली. तासाभरानं परत आली, गालाला पीठ लागलेलं. तुम्ही तिला थालीपीठ थापायला लावलं होतं. तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढला, घडी घातली आणि इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. "आय ॲम नॉट गोइंग," ती म्हणाली. मी खुर्चीत बसले. ती म्हणाली, "अँड नॉट बिकॉज काका सेड सो. ही नेव्हर सेज एनीथिंग! दॅट्स द प्रॉब्लेम विथ हिम."

काका, मी तेव्हा नाही म्हणत राहिले असते, तुम्हीही माझ्या सुरात सूर मिसळला असतात, तर वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ती गेली असती. तिच्या अंगात माझंच रक्त आहे, मला माहीत नाही का ती? तुम्ही तिला मोठं माणूस समजून वागवलंत. ज्या घरात तात्यांना कुणी काही विचारायला, विचार करायला वेळच दिला नाही, त्या घरातून तुम्ही माझ्या मुलीला सहा महिने दिलेत. मी या जन्मात हे विसरायची नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर डबाभर नारळाच्या वड्या पाठवल्या, त्याही शिरीषच्या हातून. तुम्ही रिकामा डबा परत पाठवताना त्यात सोललेला लसूण भरून पाठवलात. तेवढ्यावर आपण दोघं परत बोलायला लागलो आणि ते वाक्य तसंच मागे पडून राहिलं.

एकदा मात्र मी माझ्यापरीनं प्रयत्न केला. गेल्या उन्हाळ्यात मी आणि शिरीषनं इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. वीस वर्षं टाळत होतो. तुम्ही हट्टानं आमच्याबरोबर डेट्रॉइटला आलात, कोट घालून. हात वर करून आम्ही सगळ्यांनी ते शब्द म्हटले, जज्जबाई म्हणाल्या, "वी वेलकम यू." माझ्या डोळ्यांत पाणी, का ते मलाही कळत नव्हतं, काहीतरी मिळालं होतं आणि काहीतरी बसऱ्याला गेलं होतं. बाहेर पायऱ्यांवर मी तुमच्या हाताला धरून उतरत होते. मी विचारलं, "काका, त्यांचं ते 'वी', आपण की आम्ही?" हे विचारताना मला दुसरंच काही म्हणायचं होतं. तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत आणि म्हणालात, "आज तरी आपण. उद्या परत विचारायचं." तुम्हाला समजलं होतं असं मला वाटतं. पण वाटणं निराळं. माफी शब्दांत मागायची असते, आणि शब्दांच्या बाबतीत तुम्ही किती काटेकोर होतात ते मला ठाऊक आहे.

परवा संजयच्या घरी सगळे बसलो होतो. रेवा कॉलेजातून बर्फातून गाडी चालवत आली होती. संजय म्हणाला, "मार्चमध्ये आम्ही अस्थी घेऊन गावी जाऊ." कोपऱ्यातून रेवा म्हणाली, "आम्ही नाही, संजयकाका. आपण." संजयला आधी वाटलं तिची नेहमीची चूक. तिनं खिशातून विमानाच्या तिकिटाचा कागद काढून दाखवला. तिच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीचेच दिवस होते. तेव्हा पहिल्यांदा संजय रडला, इतके दिवस रडला नव्हता.

तुमच्या कोटाच्या खिशात खडू निघाला. संजयनं तो तिला दिला. काल ती आमच्या गॅरेजात फरशीवर बसून तात्यांचं नाव गिरवत होती, दगडाखाली लिहायला. मी बघायला गेले तर तिनं लिहिलं होतं, 'द्न्यानदेव माने'. जसं ऐकलं तसंच. तुम्ही किती हसला असतात! मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिचा हात धरून ज्ञ काढायला शिकवला. पहिल्यांदा मोडला, दुसऱ्यांदा वाकडा आला, मग जमला. तिनं सगळं नाव नीट लिहिलं आणि जरा मागे सरकून बघितलं.

"नुसतं नाव? लोकांना कळणार नाही हू ही वॉज," ती म्हणाली. "पुढे काहीतरी लिहू? आमचे? की तुमचे, म्हणजे मानेकाकांचे?"

काका, मी तिच्या हातून खडू घेतला आणि नावाच्या आधी मीच लिहिलं, आपले.